उसनं वर्ष

ऋतूआत्याला गार्गीचं एक वर्ष उसनं हवं होतं. लग्नाला जाताना एखादी पैठणी मागावी तसं तिने ते फोनवर मागितलं, आणि गार्गीनेही "त्यात काय विचारायचं आत्या, घे की" म्हणून टाकलं. म्हणून तर त्या सकाळी दोघी मिरजेला डॉ. रुबीना मुजावर यांच्यासमोर बसल्या होत्या.

वर्ष उसनं देता येतं, ही सोय तशी नवीनच. बाईची दोन्ही अंडाशयं काढली की शरीराला एका दिवसात म्हातारपण येतं. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. त्यावर पूर्वी गोळ्या किंवा पट्ट्या द्यायचे. रोज तेवढाच डोस, सणाला तेवढाच आणि तापातही तेवढाच. खरी अंडाशयं अशी कारकुनासारखी काम करत नाहीत. झोप, दगदग, भीती, आनंद, सगळ्यांकडे बघून ती आपला हात सैल सोडतात किंवा आखडता घेतात. मग चिंचोका आला. कंपनीने त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसणाऱ्या त्या तपकिरी, गुळगुळीत वस्तूला इकडच्या बायका चिंचोका म्हणू लागल्या, आणि मग डॉक्टरही म्हणू लागले. शस्त्रक्रियेआधी वर्षभर तो काहीच करत नाही, नुसता टिपतो. नीट झोप झाली तेव्हा अंडाशयांनी किती इस्ट्रोजेन सोडलं, दचकल्यावर प्रोजेस्टेरॉन किती उतरलं, असं सगळं. शस्त्रक्रिया झाली की त्याच्या पोटात संप्रेरकं भरतात, आणि तो गेलेल्या अंडाशयांची गादी चालवू लागतो.

ज्यांना वर्षभर थांबायला फुरसत नसते, त्यांनी रक्ताच्या नात्यातल्या बाईचं टिपलेलं वर्ष घ्यायचं. परकीचं वर्ष शरीराला नीट मानवत नाही. आत्याला फुरसत नव्हती. तिच्या डाव्या अंडाशयावर गाठ दिसली होती आणि दोन्ही बाजू त्याच आठवड्यात काढायच्या होत्या. घरात टिपलेलं वर्ष होतं ते एकट्या गार्गीकडे.

आत्या म्हणजे गार्गीच्या वडिलांची, प्रमोदरावांची, सगळ्यांत धाकटी बहीण. घरातलं शेंडेफळ. गार्गीपेक्षा जेमतेम बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे आत्या कमी आणि मैत्रीण जास्त. गोड बोलणारी, कुणाला न दुखवणारी, भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करताना हसणारी.

"ऋतुजाताई, जनुकांचा तपास पुन्हा करायला नको," डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट फिरवत म्हटलं. "सात वर्षांपूर्वीचा तुमचा रिपोर्ट आहेच. तेव्हाच दोष सापडला होता ना?"

आत्याने मान हलवली. हलवली म्हणजे किती, तर डॉक्टरांना दिसेल आणि भाचीला दिसणार नाही, एवढीच. पण भाचीला दिसली.

सात वर्षांपूर्वी.

गार्गीची थोरली बहीण मैथिली सात वर्षांपूर्वी अठ्ठावीस वर्षांची होती. धडधाकट होती, अंबोलीच्या घाटात सायकल चालवत होती. अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान तिला तेहेतिसाव्या वर्षी झालं, तेव्हा तो पोटभर पसरलेला होता. जनुकांतला दोष वडिलांच्या बाजूने आलाय हे तेव्हा कळलं, आणि 'कुणाला काय माहीत होतं?' म्हणून सगळं घर रडलं. सगळ्यांत मोठ्याने आत्या रडली होती. मैथिली पस्तिसाव्या वर्षी गेली. तोच दोष गार्गीतही निघाला, म्हणून तिने पुण्याला जाऊन स्वतःची अंडाशयं वेळेवर काढून घेतली आणि जिवंत राहिली. वेळेवर, हा शब्द तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या तोंडात कडू लागला.

कारण गार्गीला हेही ठाऊक होतं, की असा रिपोर्ट हातात देताना समुपदेशक बाई खुर्चीवरून उठू देत नाहीत. भावाला सांगा, भावाच्या मुलींना सांगा, आज सांगा, असं पुन्हा पुन्हा बजावतात. तिला बजावलं होतं, तसं आत्यालाही बजावलं असणार. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. मैथिलीच्या कानात नाव सांगणारी ही दहा वर्षांची आत्या फोटोत पाटावर उभी आहे. आणि जे एक वाक्य त्या कानात सांगायला हवं होतं, ते हिने गिळलं.

"गार्गी, आता तुम्हाला एक प्रश्न," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्याला द्यायचं तर मूळच लागतं, म्हणून तुमचं मूळ, न साफ केलेलं वर्ष पुण्याहून आलंय. ज्या वर्षात हे टिपलं त्यात काही वेगळं घडलं होतं का? मोठं आजारपण, घरात मृत्यू, असं? तसं असेल तर ते महिने आम्ही काढून टाकतो आणि तिथे सर्वसाधारण भरतो. नाहीतर यंत्र तेच शिकतं."

आत्या भाचीकडे बघत होती. मैथिलीचं शेवटचं वर्ष कोणतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण गार्गीने टिपायला सुरुवात कधी केली हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"नाही," गार्गी म्हणाली. "अगदी साधं वर्ष होतं."

काय नव्हतं त्या वर्षात? मैथिलीच्या पोटात साठलेलं पाणी काढायला केलेल्या चकरा होत्या. उशीवर पडलेले केस होते. 'आज बरं वाटतंय हं' असं तिचं खोटं बोलणं होतं. फोन वाजला की गार्गीच्या छातीत धस्स व्हायचं, आणि प्रत्येक वेळी तिची अंडाशयं हातपाय गाळायची. संप्रेरकं धाडकन खाली यायची, अंगाची आग व्हायची, झोपेचा पत्ता नसायचा, आणि मग नर्सवर, रिक्षावाल्यावर, देवावर, समोर येईल त्याच्यावर संताप उसळायचा. चिंचोक्याने ते सगळं इमानेइतबारे टिपलं होतं. धक्का बसला की कोसळायचं आणि मग पेटायचं, हा एकच धडा तो वर्षभर गिरवत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी गार्गीला हाच प्रश्न विचारला होता. तिने खरं सांगितलं, आणि त्यांनी तिच्यापुरतं ते वर्ष पुसून गुळगुळीत करून दिलं. मूळ मात्र जसंच्या तसं जपलेलं होतं.

गार्गी तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या शीतगृहाची व्यवस्थापक. यंत्राला एकदा जे शिकवलं ते यंत्र करत राहतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घे म्हणावं उसनं, तिने मनात म्हटलं. माझी ताई गेली ते वर्ष घे, आणि जग त्यात.

गाठ निरुपद्रवी निघाली. ते कळल्यावर प्रमोदरावांनी देवापुढे साखर ठेवली आणि गार्गीने दात आवळले. ताईची गाठ निरुपद्रवी निघाली नव्हती. आत्याच्या दंडात चिंचोका बसला, तो गार्गीचं वर्ष आठवू लागला, आणि थोड्याच दिवसांत बातम्या यायला लागल्या.

बातम्या आणायचं काम प्रमोदराव करत. घटस्फोटानंतर गार्गी वडिलांकडेच राहत होती, आणि संध्याकाळचा चहा दोघे गच्चीत घेत. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर प्रमोदरावांनी ज्ञातीचं वधूवर मंडळ हातात घेतलं होतं, आणि त्याला शिस्त लावली होती. जन्मपत्रिकेच्या जोडीला आरोग्यपत्रिका सक्तीची, त्यात जनुकांचा तपास आलाच, हा नियम त्यांचा. "छत्तीस गुण मोजता आणि रक्त बघत नाही?" हे त्यांचं वाक्य प्रत्येक मेळाव्यात टाळ्या घेई.

"आपल्या ऋतूचं काहीतरी बिनसलंय गं," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "साड्यांच्या दुकानात त्या मुलाच्या अंगावर गठ्ठा फेकला म्हणे. ऋतूने!"

"असं?" गार्गीने त्यांना अजून एक खारी दिली.

"आणि पोरीच्या, अन्विताच्या, होणाऱ्या सासरच्यांना फोनवर काहीबाही बोलली. लग्न तोंडावर आलंय. झोपत नाही, रडते, मध्येच थंड पाण्याखाली जाऊन बसते. डॉक्टर म्हणतात शरीराला सवय होऊ दे, पहिले तीन महिने यंत्राला हात लावत नाहीत."

"होईल हो सवय. मलाही झाली होती."

गार्गीला त्या दिवशी चहा फार गोड लागला. खोटं कशाला सांगायचं, तिला आनंद झाला होता. असा आनंद, की रात्री तिला ताई गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप लागली. तिकडे आत्या छताकडे बघत पडली असेल या विचाराने ती झोप आणखी मऊ झाली. सूड घेऊन काही मिळत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुधा तो कधी घेतलेला नसतो.

पण भूक वाढत गेली. आत्या तडफडते आहे, पण कशाने ते तिला कळत नाही, याची गार्गीला चुटपुट लागून राहिली. आणि मग एका दुपारी अन्विता शीतगृहात आली. अन्विता आत्याची एकुलती एक मुलगी, बावीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. वडील मस्कतला नोकरीला, त्यामुळे आईचं सगळं हिच्याच गळ्यात. बेदाण्याच्या खोक्यांमध्ये उभी राहून ती अंगाभोवती ओढणी आवळत होती.

"गार्गीताई, तुला पण असं झालं होतं का गं? आई काल माझ्या अंगावर धावून आली. नुसतं कुकरचं झाकण पडलं म्हणून. नंतर माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडली."

"तुझा जनुकांचा तपास झालाय ना?" गार्गीने एकदम विचारलं.

"कसला? आरोग्यपत्रिका आहे की माझी. मामांनीच मंडळातून दिली. सगळं नीट आहे म्हणाले."

"रक्त कधी दिलंस?"

अन्विता विचारात पडली. "दिलं नाही बहुतेक. मामा म्हणाले, घरचीच पोरगी आहेस."

गार्गीने समोरचं खोकं मागे ढकललं. म्हणजे या बाईने भावालाही फसवलं. निष्पाप चेहरा करून त्याच्याकडून कोरी पत्रिका लिहून घेतली, आणि स्वतःच्या पोटच्या पोरीलाही त्याच अंधारात ढकलते आहे. ताईच्या जागी उद्या ही. गार्गीने ठरवलं, आता पुरे. आत्या बोलेल. आणि बाबांसमोर बोलेल, कारण जगात आत्याला एकाच माणसाच्या नजरेतून उतरायची भीती होती, ती दादाच्या.

ती विश्रामबागेत आत्याच्या घरी गेली. आत्या खिडकीशी ओला टॉवेल मानेवर घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. गार्गीने आरशात हाच चेहरा वर्षभर पाहिला होता.

"तुझ्या दंडात जे चाललंय ना, ते ताईचं शेवटचं वर्ष आहे," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. मुद्दाम."

 आत्याची बोटं आपोआप दंडाकडे गेली. "असं होतं हे? तू अशी जगत होतीस?"

"माझं सोड. तू सात वर्षं जाणून होतीस."

"हो."

"ताईला सांगितलं असतंस तर ती आज असती."

"हो गं." आत्याने टॉवेल खाली टाकला. तिचा आवाज चढला, पुन्हा तिनेच तो दाबला. "हो. असती."

गार्गीला वाटलं होतं ती रडेल, सबबी सांगेल. सबबी ऐकून आणखी चिरडायला मजा आली असती. "रविवारी अन्विताचं केळवण मी करतेय. बाबा, तू, ती आणि मी. जेवताना तू सगळं सांगायचंस. दोघांना. मग मी डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगेन आणि तुझं हे बंद होईल. नाही सांगितलंस तर राहा अशीच."

"अन्विताला सांगते," आत्या घाईने म्हणाली. "आत्ता सांगते, तुझ्यासमोर फोन लावते. पण दादासमोर नको. एवढं एक सोड, गार्गी. पाया पडते."

"दादासमोरच," गार्गी म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

केळवण तिने साग्रसंगीत केलं. ताटांभोवती रांगोळ्या, उदबत्ती, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, जिलबी, मठ्ठा. अन्विताला औक्षण केलं, ओटी भरली. प्रमोदराव सोवळ्यासारखी कडक इस्त्रीची पँट घालून पाटावर मांडी घालायचा प्रयत्न करत होते आणि भाचीला चिडवत होते. आत्या काही खात नव्हती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, पंखा चालू असूनही.

"घ्या ना जिलबी," गार्गी सगळ्यांना वाढत म्हणाली. "आत्याला काहीतरी सांगायचंय."

आत्याने एकदा भावाकडे पाहिलं. मग ताटाकडे बघत सपाट आवाजात सुरुवात केली. "अन्विता, आपल्याकडे जो दोष आहे, मैथिलीला होता तो, तो माझ्यात आहे. तुझ्यातही असू शकतो. अर्धी शक्यता. तुझी पत्रिका खोटी आहे. मला हे सात वर्षांपासून ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. मैथिली त्यामुळे गेली."

अन्विताच्या हातातला घास हातातच राहिला. ती आईकडे, मग गार्गीकडे बघू लागली. मठ्ठ्याच्या भांड्याला तिचा हात लागून ते कलंडलं, तरी कुणी ते सरळ केलं नाही. गार्गीच्या पोटात एक थंड समाधान पसरलं. याच क्षणासाठी तिने जिलब्या तळल्या होत्या.

प्रमोदरावांनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. ते दुखावलेल्या, समंजस थोरल्या भावाच्या आवाजात म्हणाले, "ऋतू... अगं एवढी मोठी गोष्ट, आणि तू मला एका शब्दाने..."

आत्याने मान वर केली.

गार्गीला तो चेहरा ओळखीचा होता. आधी रंग उतरला. मग मानेवरून कपाळापर्यंत लाली चढत गेली. दंडातल्या चिंचोक्याने शिकवल्याप्रमाणे सगळं धाडकन खाली आणलं, आणि जे वर आलं ते ऋतुजाचं नव्हतंच, ते गार्गीचं होतं, इस्पितळाच्या जिन्यात भिंतीवर मुठी आपटणाऱ्या गार्गीचं.

"पुरे!" तिने ताट ढकललं. "पुरे झालं दादा! मी स्वतःवर घेत होते ना सगळं? शेवटपर्यंत घेतलं असतं! तू शपथ घातली होतीस म्हणून घेत होते. पण तू रडायचं नाटक करू नकोस. माझ्यासमोर नको!"

"ऋतू, मुलींसमोर..."

"मुलींसमोरच! मी रिपोर्ट घेऊन तडक तुझ्याकडे आले होते. मंडळाच्या खोलीत. तू दार लावून घेतलंस. काय म्हणालास? सांग ना! 'गार्गीचं ठरत आलंय, तोंड उघडू नकोस. आरोग्यपत्रिकेचा नियम मी केला आणि दोष माझ्याच घरात निघाला, तर मी तोंड कुठे दाखवू?' माझ्या हातावर हात ठेवून शपथ घातलीस. वर म्हणालास, तिशी-पस्तिशीपर्यंत काही होत नाही, गार्गीचं उरकलं की मीच सांगतो दोघींना. उरकलं ना तिचं? मग? दर वर्षी भाऊबिजेला विचारत होते मी तुला. दर वर्षी!"

 गार्गीने वडिलांकडे पाहिलं. ती वाट बघत होती, की ते म्हणतील, वेड लागलंय हिला, यंत्र बिघडलंय. त्यांना तसं म्हणता आलं असतं. ते जिलबीच्या ताटलीकडे बघत होते.

"मुलींच्या भल्यासाठीच होतं," ते शेवटी म्हणाले. "योग्य वेळ बघत होतो. मला काय ठाऊक, मैथिलीला इतक्या लवकर..."

"ताईचं निदान झालं तेव्हा," गार्गीचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईना, "तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझ्यासमोर म्हणालात."

त्यांनी ताटलीतली एक जिलबी उगाच सरकवली.

तिचं लग्न. दीड वर्षही न टिकलेलं ते लग्न. मांडवात ताईने तिचा शालू सावरला होता, सगळ्यांत जास्त नाचली होती, आणि त्याच मांडवात बाबा हार घालून पाहुण्यांचे नमस्कार घेत उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. गार्गीने शोधून शोधून राग आत्याच्या दंडात नेऊन ठेवला होता, आणि ज्याच्यावर तो निघायला हवा होता त्याला ती दररोज गच्चीत बसवून खारी खाऊ घालत होती.

सगळ्यांत आधी उठली ती अन्विता. तिने हात धुतले, ओढणीला पुसले, आणि विचारलं, "तो तपास कुठे करतात?"

सोमवारी तिघी मिरजेला गेल्या. प्रमोदराव दारापर्यंत आले, "मी येऊ का बरोबर?" म्हणाले. तिघी तोवर जिना उतरायला लागल्या होत्या.

अन्विताचं रक्त घेतलं. ती शांत होती. "नीरजला काल सांगितलं," ती गार्गीला म्हणाली. नीरज म्हणजे तिचा ठरलेला नवरा. "म्हणाला, विचार करून सांगतो. करू दे म्हटलं. मीही करतेच आहे." मग ती बाहेर बाकावर जाऊन बसली, आणि गार्गीने डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्या वर्षात बहीण गेली होती, आणि आपण जाणूनबुजून खोटं बोललो.

डॉ. मुजावर यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कल्पना आहे तुम्ही काय केलंत? हे शरीर माझ्या पेशंटचं आहे. तुमच्या घरच्या हिशेबाची पाटी नाही. यांचा रक्तदाब कुठे गेला असता, यांनी जिवाचं काही बरंवाईट केलं असतं, तर? तक्रार झाली तर मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही."

"नका बोलू," गार्गी म्हणाली. तिला बोलणी खायची होती. कुणीतरी तिला ती ऐकवायला हवी होतीच.

"ऋतुजाताई, दंड पुढे करा. ते महिने काढून टाकते. अर्ध्या तासात बरं वाटेल."

आत्याने दंड पुढे केला, आणि डॉक्टरांनी यंत्र जवळ आणताच मागे घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "सगळं काढलंच पाहिजे का?"

"म्हणजे?"

"मला झोप पाहिजे. अंगाची आग नको. पण..." ती शब्द शोधत होती. "डॉक्टर, मी पंचेचाळीस वर्षांची आहे. उभ्या जन्मात मी दादापुढे आवाज चढवला नव्हता. काल चढवला तो माझा नव्हता, हिचा होता. तुम्ही तो काढून घेतलात की मी संध्याकाळी घरी जाऊन त्याला फोन करीन, जेवलास का म्हणून विचारीन. मी ओळखते ना मला. आठवड्यात सगळं मिटेल. मैथिलीचा फोटो हसत राहील आणि आम्ही भाऊबीज करू."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग स्क्रीनकडे वळल्या. "रात्रीचा भाग वेगळा काढता येतो," त्या सावकाश म्हणाल्या. "झोप, हाडं, रक्तदाब, तेवढं आजच सुरळीत करते. दिवसाचं थोडं राहू देते, तेही माझ्या देखरेखीखाली, आणि दर आठवड्याला इथे यायचं. किती काळ ठेवायचं म्हणता?"

"माझं त्याच्याशी बोलून होईपर्यंत."

गार्गीने पहिल्यांदा आत्याकडे सरळ पाहिलं. "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "तूही गप्प बसलीसच. सात वर्षं."

"मी कुठे मागतेय माफी?" आत्या बाही वर सारत म्हणाली. "आधी तुझ्या बापाचं बघू. मग माझ्याकडे ये. मी कुठे पळून जात नाही."

परतताना अन्विताला तिच्या ऑफिसशी सोडलं. मग दोघी गार्गीच्या घराशी उतरल्या. जिना चढताना आत्याच्या कपाळावर पुन्हा घाम जमू लागला होता, मानेवर लाली चढत होती. गार्गीने तिच्या हातातली पिशवी घेतली. वरून बातम्यांचा आवाज येत होता. प्रमोदराव घरात होते, दूरदर्शनसमोर नेहमीच्या खुर्चीत बसले असणार.

गार्गीच्या पर्समध्ये किल्ली होती. तिने ती काढली नाही, बेलच वाजवली, आणि आत्याला पुढे उभं केलं.

दार उघडायला तेच आले.